गुणक पाच

वकिलांनी पिवळ्या पॅडवर आधी वय लिहिलं, ६७. त्याखाली ‘नोशनल इन्कम’ आणि पुढे महिना ३,०००. रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या मावशीच्या भरपाईचा हा हिशेब. मावशी कुठे नोकरीला नव्हती, तेव्हा तिची कमाई अंदाजानेच धरायची. वर्षाचे झाले ३६,०००. त्यातून एक तृतीयांश वजा, कारण ती जगली असती तर तेवढे तिच्या स्वतःच्या खाण्या-लेण्यावर गेलेच असते. उरले २४,०००. “आता मल्टिप्लायर,” वकील म्हणाले, “पासष्टच्या वर गेलं की पाच.” २४,००० गुणिले ५, एक लाख वीस हजार. वर अंत्यविधीचा खर्च. त्यांनी आकड्याभोवती गोल केला आणि पॅड काकांकडे फिरवलं.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अन् चाळिशीची असती तर?”

“तर पंधरा.”

काकांनी मान हलवली. बाजार समितीत भाव पटला नाही तरी शेतकरी हलवतो तशी.

मला बरोबर नेलं होतं ते मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो म्हणून. हिशेबात काही गफलत असेल तर हा पकडेल, असं काकांना वाटलं असावं. गफलत नव्हती. वकील भला माणूस होता, कोष्टक कोर्टात चालणारं होतं, गुणाकार बरोबर होता. एसटीने परत येताना मला एवढंच बोचत होतं की या कागदावर आक्षेप घ्यायला माझ्या विषयाच्या भाषेत माझ्याकडे एक धड वाक्य नाही.

तो आक्षेप १९७४ सालीच कुणीतरी घेऊन ठेवलाय आणि तो घेणारा माणूस माझ्या एम.ए.च्या नोट्समध्ये पडून होता, हे कळायला पुढे तीन वर्षं गेली.

हिरोफुमी उझावा. एम.ए.ला हे नाव आम्ही पाठ केलं होतं, पण जोडनाव म्हणून: उझावा-लुकास मॉडेल, अर्थव्यवस्था कशी वाढते ते सांगणारं. हमखास येणारा प्रश्न. उझावा हा लुकासचा कुणी सहकारी असणार, असं मी पेपर लिहून बाहेर पडेपर्यंत समजत होतो. प्रत्यक्षात उझावांचा निबंध १९६५ चा आणि लुकासचा १९८८ चा. मध्ये तेवीस वर्षं. त्या तेवीस वर्षांत ज्याचं नाव आधी येतं तो माणूस त्या रस्त्यावरून कधीच उतरून गेला होता. कुठे गेला, हे नोट्समध्ये नव्हतं. असायचं कारणही नाही म्हणा, त्याला मार्क नव्हते.

पुढे ‘सामाजिक खर्च’ हा भाग शिकवायचा आला आणि त्याची उदाहरणं धुंडाळताना मोटारींवर लिहिलेल्या एका जपानी पुस्तकाचा उल्लेख सापडला. लेखकाचं नाव वाचून मी थांबलो. हाच तो? हाच होता.

उझावांचा जन्म १९२८ च्या जुलैमधला, तोत्तोरी प्रांतातल्या योनागोचा. हा जपानचा मागचा दरवाजा म्हणावा असा किनारा, कोरियाच्या बाजूचा. लहानपणीच घर तोक्योला आलं. युद्ध संपलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि शहर जळून गेलेलं होतं. आधी डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण डॉक्टरकीला जी नैतिक ताकद लागते ती आपल्यात नाही असं वाटून ते गणिताकडे वळले. तोक्यो विद्यापीठातून १९५१ मध्ये गणिताची पदवी घेतली, पुढे संशोधनाची शिष्यवृत्तीही मिळाली. गणितात ते अतिशय हुशार होते, आणि तरीही आजूबाजूला भुकेकंगाल देश असताना आपण शुद्ध गणित करत बसलोय ही टोचणी जाईना.

त्या दिवसांत हाताशी आलं ते हाजिमे कावाकामी यांचं दारिद्र्यावरचं पुस्तक. कावाकामी क्योतोचे प्राध्यापक. १९१६ मध्ये ओसाकाच्या एका दैनिकात त्यांनी ही लेखमाला लिहिली होती. श्रीमंत देशांतही माणसं गरीब का राहतात, असा तिचा साधा प्रश्न. तिच्या सुरुवातीलाच इंग्रज लेखक जॉन रस्किनचं वाक्य येतं: जीवनाखेरीज दुसरी संपत्ती नाही. तरुण उझावांच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते शेवटपर्यंत. शरीराचा नाही तर समाजाचा वैद्य होऊ, अशा काहीशा भावनेने ते अर्थशास्त्रात आले.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण रस्किनचं हे वाक्य ज्या पुस्तकातलं, तेच पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत गांधींनी एका रात्रीत वाचलं होतं. त्याचा सारांश त्यांनी गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. तोच शब्द पुढे पवनारच्या आश्रमातून गावोगाव गेला. आमच्या घरात तो शब्द खादी भांडाराच्या कॅलेंडरवर होता आणि मला तो कायम थोडा भाबडा वाटत आला. एकच वाक्य इकडे चरख्यापाशी आणि तिकडे कलनशास्त्रापाशी पोचलं, ही गोष्ट मात्र भाबडी नाही.

उझावांनी केनेथ ॲरो यांना आपलं एक टिपण पाठवलं. ॲरो हे त्या काळच्या गणिती अर्थशास्त्राचं सर्वात मोठं नाव. बाजारात प्रत्येक जण आपापला निर्णय घेत असताना सगळ्यांचा मिळून तोल कसा साधतो, या प्रश्नावर उझावांनी काही नवं केलं होतं. ॲरोंनी त्यांना स्टॅनफर्डला बोलावून घेतलं, १९५६ मध्ये. पुढची बारा वर्षं अमेरिकेत त्यांनी जे काम केलं त्यावर आजही पीएचड्या होतात. ॲरो आणि हुर्विच यांच्याबरोबर १९५८ मध्ये पुस्तक. १९६१ मध्ये द्विक्षेत्रीय वाढीचं प्रारूप.

हे प्रारूप वर्गात मी असं सांगतो: देशात दोनच कारखाने आहेत असं समजा. एकात कापड होतं, दुसऱ्यात यंत्रं. यंत्रांच्या कारखान्याला यंत्रंच लागतात, कापडाच्यालाही लागतात. माणसं आणि यंत्रं दोन्हीकडे कशी वाटायची म्हणजे गाडा न कलंडता पुढे जाईल? उझावांनी दाखवलं की कापडाचा कारखाना यंत्रांच्या कारखान्यापेक्षा जास्त यंत्रं वापरणारा असेल तर गाडा आपोआप रुळावर येतो. आणि १९६५ चा तो निबंध, माझ्या नोट्समधला: किती माणसं मालाच्या उत्पादनाला लावायची आणि किती शिक्षणाला, म्हणजे उद्याचा कामकरी आजच्यापेक्षा कर्तबगार होईल? पोरांना याचं गणित अवघड जातं, पण ही कल्पना कुठल्याही शेतकऱ्याला कळते. सगळं धान्य खायचं की बियाण्याला ठेवायचं, एवढंच आहे ते.

१९६४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ते शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी तिथे तरुण संशोधकांना गोळा केलं. त्यात जोसेफ स्टिग्लिट्झ होते, जॉर्ज अकरलॉफ होते. दोघांनाही २००१ मध्ये नोबेल मिळालं. ॲरोंना १९७२ मध्ये मिळालं होतं, लुकासना १९९५ मध्ये, हुर्विचना २००७ मध्ये. म्हणजे उझावांच्या डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे सगळीकडे नोबेल पडलं, त्यांच्यावर नाही. यावर हळहळणारे पुष्कळ लेख आहेत. मला त्या हळहळीत रस नाही, कारण १९६८ मध्ये त्यांनी जे केलं ते पाहता त्यांचं तिकडे लक्ष असेल असं वाटत नाही.

शिकागोत त्यांना दोन गोष्टी सहन होईनात. एक, तिथल्या अर्थशास्त्राचा सूर. एक किस्सा ते पुढे वारंवार सांगत: पौंडाचं अवमूल्यन होणार हे हेरून तिथलेच अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन बँकेत गेले आणि हाताशी नसलेले पौंड विकायची ऑर्डर देऊ लागले, बँकेने असला व्यवहार सभ्य माणूस करत नाही म्हणून नकार दिला, तेव्हा, भांडवलशाहीत जो नफा मिळवू शकतो तोच सभ्य, असं फ्रीडमन चिडून सांगत फिरले. हा किस्सा उझावांच्या तोंडचा आहे, तेव्हा त्यात त्यांचं मीठ-मसाला असणार. दुसरी गोष्ट व्हिएतनाम. अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते रॉबर्ट मॅक्नमारा. फोर्ड मोटार कंपनीच्या अध्यक्षपदावरून सरळ युद्धखात्यावर आलेला माणूस. किती खर्चात शत्रूची किती माणसं मेली याची कोष्टकं तिथे बनत होती, आणि ती बनवणाऱ्यांची भाषा अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात तीच होती. खर्च, लाभ, कार्यक्षमता. कॅम्पसवर मुलं धरणं धरून बसली होती. परीक्षेतल्या गुणानुक्रमावरून कुणाला लढाईवर धाडायचं ते ठरत होतं, आणि ते गुण द्यायचे प्राध्यापकांनी.

१९६८ मध्ये उझावा शिकागो सोडून तोक्यो विद्यापीठात आले. पगार कितीतरी कमी आणि पदही खालचं, सहयोगी प्राध्यापकाचं. विद्यापीठ तेव्हा विद्यार्थ्यांच्या बंडाने पेटलेलं. पूर्ण प्राध्यापक ते वर्षभराने झाले, पण मला राहून राहून त्या पहिल्या वर्षाचं नवल वाटतं. आमच्याकडे बदली जिल्ह्याबाहेर झाली तरी माणसं मंत्र्याची चिठ्ठी आणतात.

बारा वर्षांनी परतलेला माणूस तोक्योच्या रस्त्यावर चालायला निघाला आणि बिचकला. अंगाला घासून मोटारी जात होत्या. जिथे मुलं खेळायची त्या गल्ल्यांतून मोटारी जात होत्या. फुटपाथ नाही, असला तर दोन वितींचा. देश वर्षाला दहा टक्क्यांनी वाढत होता, अवघं जग त्याचं कौतुक करत होतं, आणि १९७० या एका वर्षात जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. वर्तमानपत्रं त्याला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. उझावांचा सर्वात जास्त राग होता तो पादचारी पुलांवर. मोटारींना थांबावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाने, पोटुशी बाईने, दप्तर घेतलेल्या पोराने दोन मजले चढायचे आणि उतरायचे. हे पूल सुरक्षेचे म्हणून उभे केले होते. उझावांना त्यांच्यात जपानी समाजाचं दैन्य उघडं पडलेलं दिसलं. ज्याच्याकडे इंजिन आहे तो सरळ जाणार आणि ज्याच्याकडे गुडघे आहेत तो जिने चढणार.

याच सुमारास त्यांनी मिनामाता पाहिलं. क्यूशूच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. तिथला रासायनिक कारखाना वर्षानुवर्षं पारा असलेलं पाणी खाडीत सोडत होता. मासे खाऊन आधी मांजरं नाचल्यासारखी तडफडून मेली, मग माणसांचे हात वळू लागले, बोलणं गेलं. आजाराची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ ला. कारखान्याचा पाराच याला कारण आहे, हे सरकारने मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये. बारा वर्षं. उझावा अमेरिकेत होते ती नेमकी हीच बारा वर्षं. मासाझुमी हारादा हे डॉक्टर या रुग्णांमागे आयुष्यभर उभे राहिले. आईच्या पोटातल्या गर्भालाही हे विष बाधतं, हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्यासोबत उझावा रुग्णांच्या घरी गेले.

माझ्या मते त्यांचं अर्थशास्त्र तिथे फिरलं. ज्या सिद्धान्तात ते जगात अव्वल होते, त्यात खाडीला किंमत नव्हती. खाडी कुणाच्या मालकीची नाही. ज्याला मालक नाही त्याला भाव नाही. ज्याला भाव नाही ते फुकट. आणि फुकट म्हणजे वापरा. समीकरणात चूक नव्हती. पॅडवरच्या गुणाकारात नव्हती तशीच.

१९७४ चं मोटारींवरचं छोटं पुस्तक यातून आलं. जपानमध्ये त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मोटारीचा समाजावर पडणारा खर्च किती, हा प्रश्न त्याआधीही विचारला गेला होता. वाहतूक मंत्रालयाने १९६८ मध्ये उत्तर काढलं होतं, गाडीमागे ७०,००० येन. एका संशोधन संस्थेने काढलं १,७८,९६० येन. मोटार उत्पादकांच्या संघटनेनेही उत्तर काढलं. त्यांचं आलं ६,६२२ येन. (हा आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पोरं हसतात. कुणी काढलाय ते सांगायच्या आधीच हसतात.)

हे सगळे हिशेब एकाच वाटेने जात होते. अपघातात किती मेले, किती जखमी झाले. मेलेला जगला असता तर पुढे किती कमावता, त्याची आजची किंमत काय. ती बेरीज भागिले गाड्या. जपानी कोर्टांत या रीतीला हॉफमन पद्धत म्हणत. उझावांनी या पद्धतीवर बोट ठेवलं ते असं: या रीतीने गेलात तर म्हाताऱ्याची किंमत जवळपास शून्य, अपंगाची शून्य, घरात बसलेल्या बाईची अंदाजपंचे. मग मोटार ज्या वस्तीत गरीब, म्हातारे, बिनकमाईचे लोक राहतात तिथूनच नेणं सगळ्यात ‘स्वस्त’ पडणार. आणि खरोखर तसंच होतं.

वय ६७, गुणक ५.

हे वाचताना मी स्टाफरूममध्ये होतो. समोर पेपर तपासायचा गठ्ठा होता. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि बराच वेळ सायकल स्टँड बघत राहिलो.

पण उझावांचं मोठेपण आक्षेपात नाही, पुढच्या पायरीत आहे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जीव अमोल आहे, त्याचा हिशेब मांडूच नये. आणि तिथेच हरला असता, कारण हिशेब न मांडलेली गोष्ट अंदाजपत्रकात शून्यच धरली जाते. उझावा गणिती होते. त्यांनी हिशेब मांडला, फक्त दुसऱ्या टोकापासून. मेलेल्याची किंमत काय, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. त्यांनी विचारलं: माणसाला रस्त्यावरून निर्धास्त चालता येणं हा त्याचा हक्क आहे. तो हक्क एका क्षणासाठीही मोडायचा नाही असं ठरवलं, तर मोटारी चालू देण्यासाठी रस्ते कसे बांधावे लागतील? आणि त्याला काय खर्च येईल?

मग त्यांनी तोक्यो घेतलं. रस्त्यांची लांबी सुमारे २०,००० किलोमीटर. दोन्ही बाजूंना चार-चार मीटर, म्हणजे आठ मीटर रुंदी वाढवायची. तिथे फुटपाथ, झाडं, माणसं आणि मोटारी यांच्यात पुरेसं अंतर. जमिनीच्या किमतीसकट खर्च २४ लाख कोटी येन. शहरात मोटारी सुमारे २० लाख. गाडीमागे १ कोटी २० लाख येन. वर्षाच्या हप्त्याने धरलं तर गाडीमागे दरसाल सुमारे २० लाख येन.

मंत्रालयाचे सत्तर हजार, कारखानदारांचे साडेसहा हजार आणि उझावांचे वीस लाख.

यावर अर्थातच काहूर उठलं. एवढा कर लावला तर मोटार कोण घेईल? उझावांचं म्हणणं, मग असं म्हणा की मोटार परवडत नाही. ती परवडते ते कारण तिचे पैसे दुसरं कुणी भरतंय. कोण भरतंय, तर जो गाडीत नाही तो. भिंतीला अंग चोरून चालणारा, खोकणारा, रात्री हॉर्नने जागा होणारा, आणि कधी एकदा जीवच देणारा. त्याच्याकडे वसुलीचा माणूस कधी घरी येत नाही म्हणून कुणाला कळत नाही. अर्थशास्त्रातला एक लाडका युक्तिवाद असा की एखाद्या प्रकल्पातून जिंकणाऱ्यांचा फायदा हरणाऱ्यांच्या नुकसानीहून मोठा असला की झालं. जिंकणारे हरणाऱ्यांना भरपाई देऊ ‘शकतात’. देतातच असं नाही, देऊ शकतात. हे ‘शकतात’ मी पण वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

स्वतः उझावा शक्यतो मोटारीत बसत नसत. चालत, धावत, आगगाडीने जात. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, पाठीवर पिशवी, असा हा प्राध्यापक तोक्योच्या रस्त्यांवर पळताना दिसे. बिअर मात्र त्यांना फार प्रिय. विद्यार्थ्यांच्या निम्म्या आठवणी वर्गातल्या आणि निम्म्या बिअरच्या ग्लासाभोवतीच्या आहेत.

१९८३ मध्ये त्यांना मोठा सांस्कृतिक सन्मान मिळाला आणि सम्राटांच्या चहापानाचं बोलावणं आलं. नवअभिजात सिद्धान्त कसा सदोष आहे, केन्सचं काय चुकलं, आपण काय करतोय, असं ते घाबरून बोलत सुटले. वृद्ध सम्राटांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, तू अर्थशास्त्र अर्थशास्त्र म्हणतोस खरा, पण तुला सांगायचंय ते माणसाचं मन महत्त्वाचं आहे हेच ना? उझावा सांगत की आपल्याला एकदम उजाडलं. मला विचाराल तर हा किस्सा मला फारसा भावत नाही. मन महत्त्वाचं हे कुणीही म्हणेल. आठ मीटर म्हणायला उझावा लागतो.

आठ मीटरवाला उझावा पुन्हा दिसतो तो नारिताला. तोक्योचा नवा विमानतळ सानरिझुका भागात करायचं १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, शेतकऱ्यांना न विचारता. त्यातले बरेच जण युद्धानंतर तिथे येऊन माळरान फोडून स्थिरावलेले. त्यांनी बुरूज उभारले, भुयारं खणली, बायकांनी स्वतःला झाडांना साखळदंडाने बांधून घेतलं. १९७१ मध्ये झटापटीत तीन पोलीस मेले. मार्च १९७८ मध्ये उद्‌घाटन चार दिवसांवर असताना आंदोलक कंट्रोल टॉवरमध्ये घुसले आणि यंत्रं फोडली. विमानतळ मे महिन्यात सुरू झाला तो एका धावपट्टीवर आणि दंगल पोलिसांच्या पहाऱ्यात. नवी मुंबईच्या जमिनींसाठी १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला ते ज्यांना आठवतं, त्यांना यात वेगळं काही वाटणार नाही. वेगळं झालं ते पुढे. १९९१ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाच्या मध्यस्थीने सरकार आणि शेतकरी एका टेबलाशी बसले. त्या गटात उझावा होते. दीड वर्षात पंधरा जाहीर बैठका झाल्या. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं लोकांसमोर मांडायचं. सरकारने बळजबरीची जमीन संपादनाची प्रक्रिया मागे घेतली, जे झालं ते चुकलं म्हटलं. त्या काळात उझावांना पोलीस संरक्षणात राहावं लागलं, कारण आंदोलनातल्या कडव्या गटांना मध्यस्थच दगाबाज वाटत होते. पासष्टीला टेकलेल्या, जागतिक कीर्तीच्या माणसाला ही उठाठेव सांगितली कुणी होती?

या सगळ्या भटकंतीला त्यांनी नाव दिलं, ‘सामाजिक समाईक भांडवल’. जपानी संज्ञेचं हे मराठी मी माझ्यापुरतं केलंय. हवा, नद्या, जंगलं, समुद्र हा एक भाग. रस्ते, पाणी, वीज दुसरा. शाळा, दवाखाने, न्यायालयं, बँकव्यवस्था तिसरा. या गोष्टी बाजाराच्या हाती द्यायच्या नाहीत आणि सरकारी बाबूंच्याही नाहीत. त्या विश्वस्त म्हणून सांभाळायच्या, ज्यांना त्यातलं कळतं अशांनी, आपल्या विद्येच्या शिस्तीने. उदाहरण म्हणून ते थेट नवव्या शतकात जातात: शिकोकू बेटावरचा मान्नोचा तलाव, जो कूकाई या बौद्ध भिक्षूने ८२१ मध्ये दुरुस्त करून घेतला. शेकडो वर्षं त्याचं पाणी शेतीला मिळत राहिलं ते नियम पाळणाऱ्या लोकांमुळे.

हे वाचलं तेव्हा मला काकांची वही आठवली. काका पांझरेच्या काठचे. तिथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, शिवाराचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, दरसाल फेरपालट, प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांचंच थोडं थोडं जळेल. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, मालकाने स्वतः दारं धरायची नाहीत. काका पंचांमध्ये होते आणि पाळ्यांची वही त्यांच्याकडे असे, लाल कापडात बांधलेली. उझावांना ती वही दाखवायला मला आवडलं असतं. पण मग मला त्यांना हेही सांगावं लागलं असतं की त्या वहीत ज्याला जमीन नाही त्याचं नाव नव्हतं. गावकुसाबाहेरच्यांचं नव्हतं, आणि मावशीचंही नव्हतं. उझावांच्या विचारातली ही जागा मला कच्ची वाटते. कळणाऱ्यांनी सांभाळायचं, ठीक, पण कळणाऱ्यांना जाब कुणी विचारायचा? मिनामातात कंपनीच्या बाजूने बोलणारे तज्ज्ञही होतेच की. उझावा स्वतः हारादांसारख्या डॉक्टरांवरून तज्ज्ञाची कल्पना करत. मी दुसऱ्या प्रकारचेही डॉक्टर पाहिलेत.

उतारवयात ते हवामानबदलाकडे वळले. कार्बनवर कर लावायचा तर तो सगळ्या देशांना एकाच दराने नको, माणशी उत्पन्नाच्या प्रमाणात हवा; नाहीतर धूर केला अमेरिकेने आणि दंड भरला इंडोनेशियाने, असं होईल. हे ते १९९० च्या आसपास म्हणत होते. पुन्हा तोच प्रश्न, वसुली कुणाकडून. २००९ मध्ये त्यांना ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पक्षाघात झाला, आणि १८ सप्टेंबर २०१४ ला ते गेले.

क्लेमचे पैसे चार वर्षांनी आले. काकांनी ते पासबुकात टाकले आणि तसेच ठेवलेत. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मी त्यांना उझावांबद्दल सांगितलं. सगळं नाही, फक्त दाढी, धावणं आणि आठ मीटर. काका म्हणाले, “चल, मोजून येऊ.”

महामार्ग गावाच्या मधून जातो. इकडे वस्ती, तिकडे डेअरी आणि शाळा. रस्ता चौपदरी झाल्यापासून भुयारी मार्ग मंजूर आहे म्हणतात. दुभाजकाची लोखंडी जाळी गावातल्या पोरांनी एके ठिकाणी कापून माणूस जाईल एवढी फट केलीय. मावशी तिथूनच जायची, दुधाची किटली घेऊन. आम्ही कंटेनरची रांग जाऊ दिली आणि उतरलो. मी माझ्या पावलांनी मोजलं, काकांनी त्यांच्या. डेअरीच्या बाजूला पोचल्यावर मी म्हटलं, चोवीस. काका धापा टाकत होते. त्यांची सदतीस झाली होती.

ते वळून रस्त्याकडे बघत राहिले.

“तिची पंचेचाळीस भरली असती,” म्हणाले. “डावा गुडघा वाकत नव्हता ना तिचा.”